जाणाऱ्यामागे कडी घालू नका

"दिवाळीला शोभेल असे काहीतरी लिहा," असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी मनाशी हसलो. शोभेल असे म्हणजे गोड, हे मला कळते. कथा लिहिली असती तर ती गोडही केली असती, कारण शेवटच्या पानावर माणसांचे समेट घडवून आणणे कादंबरीकाराच्या हातात असते. पण यंदा कथा लिहवेना. दिवाळी म्हटले की मला फराळाच्या ताटाआधी घराचे दार दिसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दार सताड उघडे ठेवतो, उंबऱ्यावर रांगोळी काढतो, दोन्ही बाजूंना पणत्या लावतो. न पाहिलेल्या लक्ष्मीसाठी उघडे ठेवलेले तेच दार, पोटच्या एखाद्या पोरीसाठी मात्र वर्षानुवर्षे आतून कडी घालून बसलेले असते. या कडीविषयी मला बोलायचे आहे. फराळ कडू झाला तर वाचकांनी क्षमा करावी, पण वाचल्यावाचून पान उलटू नये.

मी डहाणूकडचा शाळामास्तर. आमच्या किनाऱ्याला चिकूच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांचे मालक पुष्कळसे इराणी आणि पारशी. त्यांची मुले आमच्या वर्गात वारल्यांच्या, मांगेल्यांच्या, माच्छींच्या मुलांशेजारी बसून शिकली. अशाच एका वाडीवरची एक मुलगी माझ्या हाताखालून गेली. मराठी बोले ते गुजराती वळणाचे. निबंध लिही तो मात्र असा, की तो मी दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवी. पुढे ती मुंबईला शिकली, नोकरीला लागली आणि तिने एका परजातीच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. धर्म बदलला नाही. सदरा-कुस्ती सोडली नाही. तरी घराने तिचे नाव टाकले.

चार-पाच वर्षांनी तिचे वडील वारले. मला ते ओळखत, म्हणून मी गेलो. त्यांच्या रिवाजाप्रमाणे गेह-सारणाची प्रार्थना सुरू होण्याआधी परधर्मीयांना चेहरा पाहू देतात. मी पाहिला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला आंब्याखाली उभा राहिलो. तिथे ती उभी होती. तिला आत सोडले नव्हते. भावाने दारात येऊन हळूच सांगितले होते, "तमाशा करू नकोस. आईला त्रास होईल." आम्ही दोघे मुकाट्याने उभे होतो. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही इथले पाहुणे. तुम्हांला पप्पांचे तोंड बघायला मिळाले. मी इथली कोण?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. का नव्हते, ते पुढे सांगेन, कारण त्यात माझीही लाज आहे. आधी जगाची गोष्ट करू.

बोर्डीच्या पूर्वेला अस्वालीजवळ बाहरोटचा डोंगर आहे. शाळेच्या सहली मी तिथे नेल्या आहेत. चढ दमछाक करणारा, वर कड्यात कोरलेल्या गुहा. संजाण लढाईत पडले तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, पाठीशी घेऊन या डोंगरात आसरा घेतला आणि बारा वर्षे तो इथे जागता ठेवला, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे तो अग्नी वांसद्याला गेला, नवसारीला गेला आणि १७४२ पासून उदवाड्याला आहे. संजाण आमच्या तलासरीच्या वेशीबाहेर, गुजरातच्या हद्दीत, अगदी हाकेच्या अंतरावर. तिथे १९२० साली उभारलेला स्तंभ आहे. कशाचा स्तंभ? मायभूमी सोडून गलबतातून आलेल्या माणसांना एका हिंदू राजाने किनाऱ्यावर उतरू दिले, त्याच्या आठवणीचा. दुधाने काठोकाठ भरलेल्या भांड्यात साखर विरघळल्याची दंतकथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. इराणी मंडळी त्या मानाने अलीकडची. यझ्द आणि केरमानकडचा जुलूम आणि दारिद्र्य यांना कंटाळून एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही ती आली. तिकडे झरतुष्ट्र्यांवर जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणात पाठवले आणि त्यांच्या खटपटीने १८८२ साली तो उठला.

हा इतिहास मी आदराने सांगतो आहे. ज्या समाजाच्या रक्तात घर सोडण्याचे दुःख आणि परक्याच्या दारात उभे राहण्याची भीती इतकी मुरलेली आहे, त्या समाजाला दारात उभ्या राहिलेल्या मुलीची भाषा सर्वांत आधी कळायला हवी होती. ती कळली नाही. उलट, जो स्वतः निर्वासित होऊन आला, त्यानेच पुढे घरातल्या घरात निर्वासित निर्माण केले.

हा नियम आला कुठून? मी वकील नव्हे.  पण कायद्याचे निकाल साध्या माणसाने वाचू नयेत असा कायदा नाही. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांच्यापुढे पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला निकाली निघाला. त्याच्या मुळाशी होती रतनजी दादाभाई टाटा यांची फ्रेंच पत्नी, म्हणजे जे. आर. डी. टाटांची आई, जिची नवजोत लग्नापूर्वी करण्यात आली होती. धर्मात परक्याला घेण्याची मनाई नाही, पण इथल्या पारशांत तशी वहिवाट नाही, असा निष्कर्ष निघाला. आणि त्याच ओघात दावरसाहेबांनी पारशी कोण याची एक व्याख्या सांगितली: मूळ इराणातून आलेल्यांचे वंशज, ज्यांचे आईबाप दोघेही झरतुष्ट्री, इराणातून आलेले इराणी, आणि पारशी बापाची परक्या आईपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुले.

वाचकहो, शेवटचे कलम पुन्हा वाचा. बाप पारशी असेल तर मूल आत. आई पारशी असेल तर मूल बाहेर, आणि व्यवहारात पुष्कळ ठिकाणी मुलाबरोबर आईही बाहेर. १९४२ साली वांसद्याला पारशी बापांच्या आणि परजातीच्या आयांच्या सत्तरांहून अधिक संततीची नवजोत एकदम झाली. तेव्हा गहजब झाला, पण नवजोत झाली. कारण बाप आपले होते. रक्त शुद्ध ठेवायचे म्हणता, तर ते मुलाच्या लग्नाने बाटत नाही आणि मुलीच्या लग्नाने बाटते, हे कुठले शास्त्र? हे धर्माचे शास्त्र नव्हे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वारस लावताना तलाठ्याला जे शास्त्र सांगतात, ते हे शास्त्र आहे. मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या नावे होणारी जमीन!

१९५४ साली विशेष विवाहाचा कायदा झाला. १८७२ च्या जुन्या कायद्याखाली लग्न करायचे तर आपण अमुक-अमुक धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. नव्या कायद्याने ती अट काढली. दोघांनी आपापला धर्म ठेवावा आणि संसार करावा, एवढाच त्याचा अर्थ. या कायद्याखाली गुलरुख गुप्ता या पारशी बाईंनी १९९१ साली एका हिंदू गृहस्थांशी लग्न केले. आपण अजून झरतुष्ट्रीच आहोत, आईवडिलांच्या अंत्यविधीला आपल्याला आत येऊ द्यावे, एवढ्यासाठी त्या वलसाडच्या पारशी अंजुमनविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात गेल्या. २०१२ साली तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी असे ठरवले, की लग्न झाले म्हणजे बायको नवऱ्याच्या धर्माची झाली असेच धरून चालावे. तिसरे न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१७ रोजी वलसाडच्या अंजुमनने तिथे मान्य केले, की या बाईंना आणि त्यांच्या बहिणीला आईवडिलांच्या अंत्यविधीला हजर राहू देऊ. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१९ साली तो शबरीमलाच्या प्रश्नाबरोबर मोठ्या पीठाकडे गेला.

म्हणजे पाहा, आईबापांचे शेवटचे तोंड बघता यावे म्हणून एका मुलीला दिल्लीपर्यंत जावे लागले. आणि आईबाप हयात असताना जावे लागले! ते जिवंत आहेत, घरात चहा पीत बसले आहेत, आणि मुलगी त्यांच्या प्रेतापाशी उभे राहण्याची परवानगी न्यायालयात मागते आहे. यापेक्षा मोठी विटंबना मला तरी कल्पनेने रचता आली नसती.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती खोटी नाही. मला एका वृद्ध पारशी गृहस्थांनी, चिकूच्या झाडाखाली खाटेवर बसून, अतिशय शांतपणे सांगितले: "मास्तर, तुमचे लोक कोट्यवधी. तुमच्या दहा मुली गेल्या तर तुम्हांला समजणारही नाही. आमची एक गेली की वाडीतला एक दिवा विझतो." ते खरे आहे. १९४१ साली अखंड हिंदुस्थानात पारशी एक लाख चौदा हजारांच्या घरात होते. २००१ च्या शिरगणतीत ते ६९,६०१ राहिले, २०११ मध्ये ५७,२६४. सरकारला २०१३ साली 'जियो पारसी' नावाची योजना काढून, मुले होऊ द्या म्हणून विनवावे लागले. इतक्या थोड्या माणसांनी हजार वर्षे आपली प्रार्थना, आपला अग्नी, आपली शुचिता सांभाळली. ती विरघळून जाईल या भीतीला हसणारा मनुष्य मूर्ख तरी असेल किंवा निर्दय.

पण त्या गृहस्थांना मी जे विचारले ते इथेही विचारतो. दिवा विझला तो पोरगी गेली म्हणून, की तुम्ही फुंकर घातलीत म्हणून? ती तर सदरा-कुस्ती घालून दारात उभी होती. तिला आत घेतले असते तर एक माणूस राहिले असते. तिची मुले घेतली असती तर तीन झाली असती. उशिरा होणारी लग्ने, अविवाहित राहणारी माणसे, एखाददुसरेच मूल, परदेशी जाणारे तरुण, अशी संख्या घटण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर उपाय नाही म्हणून शिक्षा मात्र तिला! आणि त्याच समाजातल्या काही माणसांनी पुण्यात २०१७ साली 'आशा वहिश्ता' हे प्रार्थनेचे ठिकाण सर्वांना मोकळे ठेवून उघडले, तेव्हा आभाळ काही कोसळले नाही.

मूठभर माणसांचा बंदिस्त समाज म्हटला की बहिष्काराशिवाय तो टिकत नाही, असे पुष्कळ शहाणे सांगतात आणि अमेरिकेतल्या अमिश लोकांकडे बोट दाखवतात. घोडागाडीतून फिरणारे, वीज न घेणारे हे लोक. त्यांचे आणि मेनोनाइट म्हणवणाऱ्यांचे कूळ एकच. त्यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १५२५ साली झुरिकमध्ये काही माणसांनी सांगितले, की तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घालून कोणी ख्रिस्ती होत नाही. धर्म हा जाणत्या माणसाने स्वतः निवडायचा असतो. या गुन्ह्यासाठी त्यांना बुडवून, जाळून मारले. मेनो सायमन्स हा कॅथलिक पाद्री १५३६ साली आपला मठ्ठ सुरक्षितपणा सोडून या माणसांत गेला आणि त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडले. त्यांच्यातला डर्क विलेम्स १५६९ साली हॉलंडात तुरुंगातून निसटला. गोठलेल्या पाण्यावरून तो पळाला; पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून आत पडला. विलेम्स मागे फिरला, त्याला बाहेर काढले, पकडला गेला आणि जाळला गेला. शत्रूसाठी मागे फिरणारी ही माणसे! त्यांच्याच वारसांत १६९३ साली, समाजाबाहेर टाकलेल्याच्या पंक्तीला बसावे की बसू नये, यावरून भांडण झाले. याकोब आमान कडक बाजूचा. त्याचे अनुयायी ते अमिश. आजही बाप्तिस्मा घेऊन नंतर त्यांचा समाज सोडणाऱ्याला घरच्या जेवणात वेगळ्या टेबलावर बसवण्याची रीत त्यांच्यात आहे. बुडणाऱ्या शत्रूला हात देणाऱ्यांच्या वंशात पोटच्या मुलाच्या हातचे ताट घ्यायचे नाही! तरी त्यांचे एक मोठेपण कबूल केले पाहिजे. बाप्तिस्मा वयात आल्यावर घेतात. तो घेण्याआधी जो निघून जातो त्याच्यावर बहिष्कार घालत नाहीत. आपल्याकडे जन्मतःच शिक्का बसतो. जिने काही कबूलच केले नाही, तिने वचन मोडले म्हणून तिला शिक्षा!

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी मान डोलावली असेल. "खरे आहे हो, भारी कर्मठ ही माणसे!" थांबा. पारशी काय, अमिश काय, ती आपली सोयीची माणसे आहेत, कारण ती दुसऱ्याच्या घरची आहेत. आता आपल्या घरात येऊ.

घटस्फोट हा शब्द आज आपण काडीमोडासाठी वापरतो. पूर्वी जातीबाहेर टाकलेल्या जिवंत माणसाच्या नावे घट फोडून त्याचे श्राद्ध घालीत. जिवंतपणी पिंड! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बहिष्काराचा ठराव केला आणि सख्ख्या आईच्या घरी उतरण्याची त्यांना चोरी झाली. त्याच माणसाला १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा महाराष्ट्राने पेढे वाटले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर लक्ष्मीबाईंनी काय काय सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आपण ते पुस्तक वाचताना हसतो, रडतो, कपाटात मानाने ठेवतो. आणि आपल्या घरची लक्ष्मी निघून गेली की कपाटाला कुलूप लावून जातमंडळाच्या सभेला जातो.

कायद्याने या गोष्टीला हात घालून पाहिला. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द ठरवला. तो एक कोण? खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. पुढे असगर अली इंजिनियरांसारख्या माणसांनी त्याच समाजात राहून आयुष्यभर झुंज दिली. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, देशातला असा पहिलाच. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. २०२३ साली १९६२ च्या निकालाचा प्रश्नही नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला. हे सारे चांगले झाले. पण कायदा पंचांना पकडतो. बापाला, भावाला कसा पकडणार? ज्या घरात ठराव होत नाही, कागद होत नाही, नुसते नाव घेणे बंद होते, तिथे पोलिसाने कुठल्या कलमाखाली यावे?

आमच्या तालुक्यातल्या वारल्यांना एक शब्द फार जवळचा आहे, आणि फार कडूही: लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या पैशापायी नवरा-बायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबायचे. सावकार सर्व जातिधर्मांचे होते. या बाबतीत त्यांच्यात कसलाच सोवळेपणा नव्हता. गडी निघून जातो म्हणाला तर सावकार म्हणे, "माझे खाल्लेस, माझे लेणे ल्यालास. फेड आणि जा." आणि ते कर्ज कधी फिटत नसे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठबिगार आणि लग्नगडी बंद, असे तिथे ठरले. जंगलातला अडाणी म्हटलेला मनुष्य त्या दिवसापासून मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणू लागला, "मी जातो." ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसे मेली, पण ती पद्धत पुन्हा उभी राहिली नाही. गोदावरीबाईंनी ते सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

आता सांगा, मुलीला आपण काय म्हणतो? "तुला वाढवले, शिकवले, कुळाचे नाव दिले. त्याची ही फेड?" शब्द सावकाराचेच आहेत. फक्त सावकाराच्या जागी आईबाप आहेत, आणि मुद्दलाच्या जागी माया. ज्या मायेची फेड मागता येते ती माया कसली? ते तर कर्ज झाले. आणि ज्या घरातून जाता येत नाही, त्याला घर म्हणू नये.

आता माझी लाज.

मला एक थोरली बहीण आहे. २००३ साली तिने तलासरीकडच्या एका वारली शिक्षकाशी लग्न केले. वडिलांनी तिचे नाव घेणे बंद केले. आमच्या जातीच्या पंचांनी ठराव केला नाही, कोणी धमकी दिली नाही, घट फुटला नाही. फक्त तिचा फोटो भिंतीवरून उतरला, आणि भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे असते हे घरात सर्वजण एकदमच विसरले. मी तेव्हा बाविशीचा होतो. वडिलांच्या पुढे बोलण्याची छाती नव्हती, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. डहाणूहून तलासरी एस.टी.ने तासाभराची वाट. त्या वाटेने मी शाळेच्या कामाला किती वेळा गेलो, त्याची गणती नाही. ताईच्या गावाचा फाटा आला की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघे.

२०१६ साली वडील गेले. मी तिला कळवले. केव्हा कळवले? अग्नी दिल्यावर. नातेवाईक जमलेले, उगाच वाद नको, आईला त्रास होईल, असे मनाशी म्हणून मी मुद्दाम उशीर केला. ती आली तेव्हा राख निवत आली होती. ती मला काही बोलली नाही. तशीच परत गेली.

म्हणून त्या आंब्याखाली, "मी इथली कोण?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या भावाने दारात येऊन उच्चारलेले वाक्य माझेच होते. अंजुमनने निदान नियम दाखवला होता, तो कोणी न्यायालयात नेऊ शकतो. मी तर नियमावाचूनच कडी घातली. आणि कर्मठांना नावे ठेवत कादंबऱ्या लिहिल्या!

त्या वर्षी भाऊबीजेला मी तलासरीला गेलो. हातात मिठाईचा पुडा होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हते. दारात चौदा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याने आत वळून विचारले, "आई, हे कोण आलेत?" त्या मुलाला मामा ओळखू आला नाही. माझ्या सगळ्या लेखनावरचा इतका खरा अभिप्राय मला आजवर मिळालेला नाही. ताई बाहेर आली, माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "जेवून आलास की जेवायचा आहेस?" भाऊजींनी पाट मांडला. तिने ओवाळले. निरांजनाच्या उजेडात तिचे केस पांढरे झालेले मला दिसले. ते काळ्याचे पांढरे होताना मी पाहिले नव्हते. ती वर्षे मी कुठून आणू?

तेव्हा वाचकहो, माझे मागणे थोडके आहे. अग्यारीत कोणी जावे, देवळाच्या गाभाऱ्यात कोणी जावे, पंथाची दीक्षा कोणाला द्यावी, हे त्या-त्या समाजाने आपसात भांडून ठरवावे. परका म्हणून मी त्यात तोंड घालत नाही, फक्त मुलाला एक आणि मुलीला एक असा नियम करू नका, एवढे म्हणतो. पण तीन दारे कोणत्याही अंजुमनची नाहीत, कोणत्याही पंचांची नाहीत, कोणत्याही बापाची तर मुळीच नाहीत: आजाऱ्याच्या खोलीचे, मेलेल्याच्या घराचे आणि सणाच्या दिवशी स्वैपाकघराचे. या तीन दारांना कडी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. जिला जायचे आहे तिला जाऊ द्या. तिच्याशी भांडा, रागवा, वर्षभर रुसून बसा. रुसवा हा घरचाच असतो. पण ती गेल्यावर दार लोटून घ्या, कडी घालू नका. लोटलेले दार बाहेरून ढकलता येते.

काही जण म्हणतील, असे केले तर समाज उरणार नाहीत. उरतील. जे समाज मायेवर उभे आहेत ते उरतील. जे केवळ कडीच्या जोरावर उभे होते, ते उद्याचे आजच जावोत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीजेला अजून दोन-चार दिवस असतील. ज्या घरात एक नाव घेतले जात नाही, त्या घराने हा लेख बाजूला ठेवावा आणि फोन उचलावा. काय बोलावे सुचणार नाही. मलाही सुचले नव्हते. "जेवायला येतो" एवढे म्हटले तरी पुरते. मी यंदाही सकाळच्या एस.टी.ने तलासरीला निघणार आहे. भाच्याला आता मामा ओळखू येतो.